आजोबांच्या खुब्यातला गोळा

६ फेब्रुवारी

ढलपे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल म्हातारा गेला. गेला नाही. गेला असता तर शेजारणीकडून फोन करवला असता, पत्र लिहीत बसले नसते. एरवीही फोनच केला असता. पण आजोबा बाहेरच्या खोलीत कॉटवर पडलेत. डोळे मिटलेले असले तरी कान टक्क उघडे असतात, आणि मला तुझ्याशी जे बोलायचंय ते त्यांच्या कानावर जायला नको. मी चौथीपर्यंत शिकलेली, ते मोजपट्टीवरचे आकडे सोडून काही वाचत नाहीत. म्हणून कागद बरा.

झालं ते असं. जानेवारीत खाली सुतारकामाच्या जागेत, ज्यांच्यावरून तुला ढलपी म्हणतो त्या लाकडाच्या ढलप्यांवरून त्यांचा पाय घसरला आणि ते कुशीवर आपटले. झाडून घेत जा म्हणून मी रोज कानीकपाळी ओरडत होते. मांडीच्या हाडाला वरच्या टोकाला गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातल्या खोल वाटीत फिरतो, हे तुला मी काय सांगणार, तुझं पोटच त्यावर चालतं. मला आत्ता कळलं. त्या गोळ्याची मान मोडली. डॉक्टरांनी गोळा काढून टाकला, धातूचा बसवला, वाटीही नवी घातली. डॉक्टर पोरगेलासा आहे, पण हात चांगला आहे. टाके बघितले मी. माझ्या शिवणीपेक्षा सरळ.

घरी सोडताना त्याने बजावलं. काही महिने जमिनीवर बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पुढे वाकून चप्पल घालायची नाही. झोपताना दोन्ही पायांत उशी. आणि खुर्ची उंच हवी, गुडघा खुब्यापेक्षा खालीच राहील इतकी उंच. तशी खुर्ची भाड्याने आणली. त्यात बसले की यांच्या टाचा जमिनीला टेकेनात. ज्या माणसाने गिऱ्हाइकाच्या गुडघ्याची उंची मोजल्याशिवाय कधी खुर्चीला करवत लावली नाही, त्याला शाळेतल्या पोरासारखे पाय लोंबकळत बसवलं. दोन दिवस तसे बसले. मग म्हणाले, ही खुर्ची चुकलीय, मी चुकलेल्या खुर्चीत बसणार नाही. चारही पायांवर पेन्सिलीने रेघ त्यांनी मारली, करवत मी चालवली. डॉक्टरने एवढं सांगितलेलं, आणि मी करवत चालवली. त्या घटकेला मलाही वाटलं की खुर्चीतलं ह्यांना जास्त कळतं. खुर्चीतलं कळतंच. खुब्यातलं कळत नाही.

काम झकास झालं. एकही पाय डुगडुगला नाही. त्याच आठवड्यात त्या खुर्चीतून उठायला पुढे वाकले, गुडघा आत वळला, आणि गोळा वाटीच्या मागून बाहेर आला. मी आत भांडी घासत होते, तिथपर्यंत आवाज आला. पाय आखूड झालेला, पाऊल आत वळलेलं. ओरडले नाहीत. नुसते खुर्चीच्या पायांकडे बघत होते.

दवाखान्यात भूल देऊन पाय ओढून गोळा परत बसवला. कापावं लागलं नाही. आता घरी आहेत आणि उठत नाहीत. उठवत नाही असं नाही, उठतच नाहीत. डॉक्टर म्हणतो उभं राहायला हरकत नाही, राहायलाच हवं. हे म्हणतात, एकदा निसटलेला सांधा मी जन्मात कुणाला परत ठोकून दिला नाही, तो तुकडा चुलीत घातला आणि नवा केला, मग हा कुणाच्या भरवशावर पायाखाली घेऊ. खोटं नाही ते. मीच त्या चुलीत तुकडे घातलेत.

डॉक्टरने मला दाराबाहेर घेऊन सांगितलं की असे पडून राहिले तर छातीत कफ साठेल, पाठीला जखमा पडतील, मग त्याच्या हातात काही राहणार नाही. आणि पुन्हा सांधा उघडायची वेळ आली तर हृदय तेवढी मोठी भूल सोसायचं नाही. म्हणजे उठले तर आहेत, नाही उठले तर नाहीत. तुझ्या बापाला कळवलं. त्याने पैसे पाठवले आणि काळजी घ्या म्हणाला.

आता माझं काम ऐक. तू ये म्हणत नाही. तू यायची नाहीस हे मला माहीत आहे आणि तू आलेली ह्यांना चालेल की नाही हे मला माहीत नाही. लाकूड कोरायची पटाशी खाली ठेवून तू यंत्रांच्या कारखान्यात गेलीस, तेव्हा म्हणाले होते की हिला हात दिला आणि हिने तो बटण दाबायला विकला. तेव्हापासून तुझं नाव घेत नाहीत. तुझ्या पटाशीला मात्र दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हे तुला खूश करायला सांगत नाही, गंज चढलाय तिला.

तुझा कारखाना असेच गोळे करतो. तू एक पत्र लिही, त्यांच्या नावाने, आणि त्यात सांग की तो गोळा तू केलास. माझ्या हातचा आहे, मी तपासलाय, उभे राहा, एवढंच. खोटं असलं तर असू दे. तू शिकलीस त्यांच्याजवळ. तुझा हात बिनचूक आहे हे त्यांना ठाऊक आहे. रागात आहेत म्हणून ठाऊक असलेलं पुसलं जात नाही.

लवकर लिही.

आजी

१७ फेब्रुवारी

ढलपे,

तुझं पत्र नाही. टपाल हळू चालतं की तू, ते तुलाच माहीत.

इथे एक व्यायामाची बाई यायला लागलीय, दवाखान्याने पाठवलेली. पिशवीत माणसाचा एक हात आणि एक पाय घेऊन फिरते. प्लास्टिकचे आहेत, पण पहिल्या दिवशी तिने पिशवीतून मांडी ओढून काढली तेव्हा मी दुधाचं पातेलं हातात धरून उभी होते आणि दूध गेलं ते गेलंच. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलेलं. ती ह्यांच्या पाठीशी बसून बोलत राहिली, जणू काही वर्ग भरलाय. आजोबांना ऐकू जातंय ना, मग मी सांगते, म्हणाली. हट्टी आहे. मला बरी वाटली.

तर आता मीही शिकले. खांद्याला म्हणे वाटी नसतेच, बशी असते. गोळा मोठा आणि बशी उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच खांदा सगळ्यांत आधी निखळतो. माझा खांदा निखळायचं नाव घेत नाही, वर्षभर हलतच नाही. बाईने हात धरून वर करून पाहिला आणि सांगितलं की सांध्याभोवतीची पिशवी आक्रसलीय. म्हणजे माझी वेणी घालायची बंद झाली ती एका पिशवीपायी. मी उगाच वयाला बोल लावत होते.

कोपर बिजागरीसारखं, ते मला माहीत होतं. पण कोपराच्या पुढे दोन हाडं असतात आणि भांडं उपडं घालताना त्यातलं एक दुसऱ्यावर लोळतं, हे नव्हतं माहीत. मनगटात आठ बारकी हाडं, नदीतल्या गोट्यांसारखी. गुडघ्याचं ऐकून तर मला घाम फुटला. त्यात हाड हाडात शिरतच नाही. वरच्या हाडाची दोन बोंडं खालच्या हाडाच्या सपाट माथ्यावर नुसती टेकलेली. मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या, आत फुली मारल्यासारखे दोन पट्टे, वरून झाकणाला एक वाटी. इतक्याशा भरवशावर मी पन्नास वर्षं पाण्याच्या बादल्या जिन्याने वर नेल्या. आधी कळलं असतं तर तुझ्या आजोबांना न्यायला लावल्या असत्या.

मग तिने घोटा दाखवला. नडगीचं जाड हाड आणि बाजूचं बारीक हाड, दोघांची टोकं खाली उतरतात आणि दोन बाजूंनी पकड करतात, त्या खाचेत पावलाचं हाड खालून वर बसतं. ती हे बोलत होती आणि म्हातारा वळला. आपण होऊन, पाठीवर आला, आणि हात पुढे केला. तिने पाय हातात दिला. त्यांनी खाचेत अंगठा घातला, पावलाचं हाड काढलं, परत बसवलं, कानाशी नेऊन हलवून बघितलं. तुला आठवत असेल, ड्रॉवर बसवल्यावर तसंच करायचे.

मग विचारलं, बाहेरच्या बाजूचं टोक जास्त खाली का उतरलंय. बाई यायला लागल्यापासून जेवणखाण सोडून तोंडातून निघालेली पहिली गोष्ट. बाई म्हणाली, पाऊल बाहेरच्या अंगाला मुडपू नये म्हणून. ह्यांनी बराच वेळ ते टोक चाचपलं. “आम्ही चौकटीला खाच करतो तीच ही,” म्हणाले. “अक्कल आहे.” कुणाची, ते सांगितलं नाही.

बाईला वाटलं जिंकलो. तिने चार पायांची, धरून चालायची चौकट कॉटला आणून लावली आणि म्हणाली, चला आजोबा, आता तुमचा घोटा वापरून बघू. ह्यांनी पाय तिच्या हातात परत दिला. म्हणाले, घोट्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो मूळचा आहे. आणि पुन्हा भिंत.

काल संध्याकाळपासून खोकतायत. कोरडा खोकला नाही. मी पाठ रगडते, उशा लावते, त्यांना कुशीवर वळवते तेव्हा माझा खांदा मेल्यागत दुखतो आणि ते म्हणतात, अगं सोड. सोडून जाऊ कुठे, दोनच खोल्या आहेत.

तुझं पत्र येऊ दे. एका ओळीचं असलं तरी चालेल.

आजी

१ मार्च

ढलपे,

तुझं पत्र आलं. दाराशीच उभी राहून वाचलं आणि इतकी संतापले की तू समोर असतीस तर मुस्काटीत दिली असती. एक खोटं वाक्य मागितलं होतं, जीव नव्हता मागितला. आणि तू चार पानं खरं लिहून पाठवलंस.

मग विचार केला, वाचणारी मीच आहे ना. पत्र हातात घेतलं, कॉटजवळ खुर्ची ओढली (उंचवाली, दुसरी आणलीय, पहिलीचे पैसे भरले) आणि सांगितलं की ढलपीचं पत्र आलंय तुमच्या नावाने. त्यांनी खोकला दाबला. मी वाचायला लागले. आजोबा, तुमच्या खुब्यातला गोळा मी माझ्या हाताने केलाय, खूप प्रेमाने केलाय, तुमचा आशीर्वाद घेऊन केलाय, आता तुम्ही निर्धास्त उभे राहा. मनानेच रचत होते आणि मला ते फार छान जमतंय असं वाटत होतं.

“थांब,” म्हणाले. “ढलपी प्रेमाने म्हणेल का कधी? काय लिहिलंय ते वाच.”

तुझं नाव त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांनी निघालं आणि ते मला खोटं पाडायला.

मग वाचलं. जसं होतं तसं. अडखळत, कारण तुझं अक्षर अजून मुंग्यांसारखं आहे. तू लिहिलंयस की हा गोळा तुझ्या हातचा आहे की नाही तुला माहीत नाही, बहुतेक नसेलच, असे गोळे करणारे कारखाने पुष्कळ आहेत. तू दिवसभर गोळ्यांवर शेवटचं पॉलिश झालं की ते तपासतेस, आणि तुझ्यापुढून गेलेला गोळा कुठल्या माणसात जातो हे तुला कधीच कळत नाही. काही सांधे पुढे झिजतात, काही बिघडतात, आणि त्यातला एखादा तुझ्या हाताखालून गेलेला असेल ह्या विचाराने तुला अधूनमधून जेवण जात नाही. हे वाचताना मला वाटलं की आता संपलं सगळं, पोरीने म्हाताऱ्याला भिंतीत चिणला. मी वर बघितलं. ते छताकडे बघत होते आणि मान हलवत होते, नाही म्हणून नव्हे, ऐकतोय म्हणून.

पुढचं तू लिहिलेलं मी दोनदा वाचलं, त्यांनी वाचायला लावलं. की लाकडाच्या सांध्याने हलायचं नसतं, हलला तर तो चुकला. माणसाच्या सांध्याने हलायचंच असतं. त्यात गोळ्याला वाटीशी चिकटवून धरणारा सरस नसतो. भोवतीची पिशवी, पट्टे आणि स्नायू त्याला धरतात. शस्त्रक्रियेत त्यांना चिरा दिल्या होत्या, त्या भरून आल्या नव्हत्या, आणि तेवढ्यात तुम्ही दोघांनी खुर्ची कापलीत. गोळा निसटला तो धरणारं कच्चं होतं म्हणून, आणि बसणं खोल गेलं म्हणून. निसटलेला लाकडी सांधा आपोआप घट्ट होत नाही. हा होतो, पण उभं राहिल्याशिवाय होत नाही. आणि तरीही परत निसटणार नाही असं तू लिहून देणार नाहीस, असंही लिहिलंस. ते कशाला लिहिलंस? एवढं गाळता आलं असतं.

वाचून झालं. मी कागदांची घडी घातली.  मी आत जाऊन भाजी चिरायला घेतली, कारण समोर बसून त्यांचं तोंड बघवत नव्हतं. तिथून ऐकू आलं, “पोरगी खोटं बोलली नाही.” मला उद्देशून नव्हतं. मी तशीच चिरत राहिले.

उठले नाहीत आज. बाई आली तर तिला म्हणाले उद्या. पडल्यापासून त्यांनी उद्या हा शब्द वापरलेला नव्हता, पण मी त्यावर फार विसंबत नाही. छातीत घरघर आहे. डॉक्टरने औषध बदललं.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही.

आजी

५ मार्च

ढलपे,

काल उभे राहिले.

पहिल्यांदा चौकट उलटसुलट करून बघितली, तिचे रबरी बूच फिरवून बघितले, उंची बोटांनी मोजली. बाई म्हणाली, आजोबा, ह्याला करवत लावायची नाही हं. ते हसले नाहीत, मी हसले. मग तिने दुखरा पाय पुढे सरकवायला लावला, हात कॉटच्या कडेवर, पुढे न वाकता हातांच्या जोरावर वर. पहिल्या खेपेला अर्धे उठून बसले. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं राहू दे आज. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी दारापर्यंत मागे सरकले.

दुसऱ्या खेपेला उठले. सगळा भार चांगल्या पायावर. बाई बाजूला उभी, तिचा हात त्यांच्या कमरेजवळ पण लावलेला नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि हळूहळू भार इकडे आणला, नव्या खुब्यावर. नवी शिडी केली की पहिल्या पायरीवर स्वतः पाय देऊन थांबायचे ना, तसे थांबले. आवाज ऐकत होते. मीही ऐकत होते. मला वाटलं आता होतंय ते कट्. झालं नाही काही. त्यांच्या गळ्याची शीर तेवढी उडत होती. पाय थरथरायला लागले तेव्हा बाईने बसवलं. पाठीवरचा सदरा पिळून काढावा इतका ओला. तो मी बदलला आणि दुसरा उलटाच घातला. हे तुला कळावं असं काही नाही, पण लिहिलंय तर राहू दे.

लगेच मोठा खोकला आला आणि पुष्कळ कफ पडला. बाई म्हणाली, उभं राहिल्यामुळेच सुटला, चांगलं आहे. आज सकाळी पुन्हा उभे राहिले आणि दोन पावलं टाकली. खिडकीपाशी जायचं होतं, गेले नाहीत, मध्येच परत फिरले. डॉक्टर म्हणतो अजून काही सांगता येत नाही. छाती साफ व्हायला वेळ लागेल, आणि ह्या वयात कधी काय होईल ते होईल. म्हणून मी कुणाला आनंदाचं सांगत सुटलेले नाही, तुलाही सांगत नाही. उभे राहिले, एवढं खरं.

आता त्यांचं काम. दुपारी मला कागद घेऊन बसवलं. मी म्हटलं सांगा. तर खुशाली नाही, बरी आहेस का नाही, ये का नाही. म्हणाले, तिला विचार, गोळा आणि वाटी यांच्यात फट किती ठेवतात. दाराला आपण फुगण्यापुरती जागा ठेवतो तशी तिथे काही ठेवतात का. आणि तपासताना ती नुसती यंत्राच्या आकड्यावर सोडते की बोटही फिरवते. मी विचारलं, आणखी काही? त्यांनी बोटावर अंगठा फिरवून बघितला. मग म्हणाले, बोट फिरवत असेल तर कुठलं, तेही विचार.

मी सगळं लिहून घेतलंय. मला त्यातलं काही कळत नाही, आणि तुमच्या दोघांच्या मध्ये बसून फटी मोजायची मला हौस नाही. उत्तर त्यांना लिही. पाकिटावर नाव त्यांचंच घाल, माझं नको. वाचायला मीच बसणार, दुसरं आहे कोण. पण ह्यावेळी जसं लिहिशील तसंच वाचीन.

आजी